गुमास्ता काढला म्हणजे झालं का?

आज दिवसभरात तिघांनी हेच विचारलं. मुंबईत छोटं उपाहारगृह काढायचंय, गुमास्ता (दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंदणी) हातात आहे, मग उद्या नारळ फोडायचा का? अजून थांबा.

गुमास्ता ज्या कायद्याखाली मिळतो तो कामगारांचा कायदा: कामाचे तास, सुट्ट्या वगैरे. 2017 च्या कायद्यापासून कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीसुद्धा लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. त्या पावतीवर चूल पेटवता येत नाही. त्यासाठी 1888 च्या महापालिका कायद्यातल्या कलम 394 खाली वॉर्डाच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, वेगळंच; त्यांच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक बिलावरही छापायचा. ‘उद्यम’ प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची केंद्राकडची नोंदणी, हा परवाना नव्हे, आणि ते फुकट मिळतं. त्याचे कुणी हजार-दोन हजार घेत असेल तर सरळ उठून या.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पत्त्यावर. वीजबिलावर ‘गाळा 3’, भाडेकरारात ‘दुकान 3, तळमजला’, करपावतीवर ‘निवासी’. आधी हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. करार नोंदणीकृतच हवा, नोटरी चालत नाही. जागा कागदोपत्री निवासी असेल तर डिपॉझिट देऊच नका.

गॅसचंही बघा. केंद्राच्या नियमात 100 किलोपर्यंत साठ्याला वेगळा परवाना लागत नाही. 19 किलोचे पाच सिलिंडर म्हणजे 95. सहावा आणला की हद्द ओलांडली, आणि रिकामा म्हणून कोपऱ्यात ठेवलेला खरंच रिकामा आहे का, हे तपासणीला आलेला माणूस उचलून बघतो.

पाटी मराठीत, देवनागरीत, आणि अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान नकोत. रंगाऱ्याला हे आधीच सांगा.