तुम्ही विचारलंत म्हणून : गुप्त अधिकाऱ्यांच्या ओळखीबद्दल मी एवढी आग्रही का

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा शिकवणाऱ्या बाईने अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्यांची नावे झाकून ठेवण्याची बाजू घ्यावी, हे अनेकांना विसंगत वाटते. प्रश्न दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येतो : ‘सरकारने जनतेपासून काही लपवू नये असे म्हणता, मग सीआयएच्या माणसाचे नाव फुटले तर तुम्हाला एवढे का लागते?’ त्याला जोडून दुसरा, जरा बोचरा प्रश्न असतो : ‘व्हॅलरी प्लेम प्रकरणात नाव फोडल्याबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही, मग गुन्हा तरी कुठे होता?’ (प्लेम या सीआयएच्या गुप्त अधिकारी. २००३ मध्ये त्यांचे नाव वृत्तपत्रात फुटले.) आजवर मी तुकड्यातुकड्यांनी उत्तरे दिली आणि प्रत्येक वेळी पदरात एखादे बिरूद पडले. कधी सरकारधार्जिणी, कधी अमुक पक्षाची. म्हणून एकदा सगळे सलग लिहिते आहे.

मी सीआयएची वकील नाही. परदेशी नेत्यांच्या हत्येचे कट या संस्थेने रचले होते, हे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५ मध्ये उघड केले, आणि तो अहवाल मी आजही वर्गात वाचायला लावते. पण त्याच अहवालात काँगोचे नेते पॅट्रिस लुमुम्बा यांच्याविरुद्धच्या कटाचा तपशील देताना सीआयएच्या तिथल्या केंद्रप्रमुखाचा उल्लेख टोपणनावाने केला आहे. विष पाठवले गेले, आदेश कुठून आला, कोणी काय लिहून कळवले, हे सारे वाचकाला कळते, आणि अधिकाऱ्याची खरी ओळख नसल्यामुळे त्यातले काहीही उणे होत नाही. माझी सगळी भूमिका या एका उदाहरणावर उभी आहे. ओळख काढून घेतल्यावर जनतेला ठाऊक व्हायला हवे असे काही कमी होते का? होत असेल तर आपण वाद घालू. होत नसेल, तर ती ओळख कोणाच्या कामी येणार आहे, हे विचारायचा मला अधिकार आहे.

आता प्लेम प्रकरणाकडे वळते. त्यातल्या फक्त जुलै २००३ च्या एका आठवड्याबद्दल लिहिते. ६ जुलैला माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की, नायजर देशातून इराकने युरेनियम मिळवल्याच्या संशयाची चौकशी करायला आपण २००२ मध्ये तिथे जाऊन आलो होतो आणि आपल्याला त्यात तथ्य आढळले नव्हते. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने मान्य केले की, अध्यक्ष बुश यांच्या जानेवारीतल्या भाषणात आफ्रिकेतल्या युरेनियमबद्दलचे वाक्य असायला नको होते. म्हणजे मूळ मुद्दा सरकारने सोडूनच दिला होता. तरीही वाद थांबला नाही. तो मुद्द्यावरून माणसावर सरकला. विल्सन यांना पाठवले कोणी, हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचे उत्तर म्हणून त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे व्हॅलरी प्लेम यांच्याकडे, बोट दाखवले गेले. १४ जुलैला स्तंभलेखक रॉबर्ट नोव्हाक यांनी दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हवाल्याने ते छापले. तो लेख मी त्याच दिवशी वाचला. विल्सन यांची बाजू लंगडी करणारा आणखी एक मजकूर, एवढेच मला वाटले. लेखाच्या मध्यावर सहज येऊन गेलेल्या त्या नावाने काय उद्ध्वस्त होते आहे, हे कोणत्याही सामान्य वाचकाला कळण्याची सोयच नव्हती.

त्या आठवड्यातली मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट नावाच्या छपाईपूर्वी घडली. नोव्हाक यांनी सीआयएच्या प्रवक्त्याला विचारले होते. प्रवक्त्याने सांगितले की, नाव वापरू नका. नोव्हाक यांचे नंतरचे म्हणणे असे की, ती विनंती पुरेशी ठाम नव्हती, जिवाला धोका आहे असे कोणी म्हणाले असते तर आपण थांबलो असतो. प्रवक्त्याचे म्हणणे असे की, प्लेम गुप्त ओळखीने काम करतात हे सांगण्याची आपल्याला मुभाच नव्हती, कारण ती माहितीच गोपनीय होती. या संभाषणाकडे मी पुन्हा पुन्हा परत जाते. ज्याला नाव वाचवायचे आहे त्याला कारण सांगता येत नाही. कारण सांगितले की नाव गेलेच. समोरच्याने त्या अर्ध्यामुर्ध्या ‘नको’चा अर्थ ओळखायचा असतो, आणि राजकीय रण पेटलेले असताना तो ओळखण्याची कोणालाच गरज वाटत नाही. माझे विद्यार्थी इथे मला अडवतात. पत्रकाराने सरकारी ‘नको’ ऐकत राहायचे का, असे ते विचारतात. नाही, ऐकू नये. पण हे ‘नको’ लाज झाकण्यासाठी आहे की माणूस झाकण्यासाठी, एवढा विचार करण्यापुरते तरी थांबावे.

पुढचे सर्वज्ञात आहे, तरी त्यातला एक भाग बहुतेक जण विसरतात. प्लेम यांच्याबरोबर ‘ब्रूस्टर जेनिंग्ज’ ही आवरणासाठी, म्हणजे खरी ओळख लपवण्यासाठी, उभी केलेली कंपनीही उघड झाली, कारण त्यांनी एका राजकीय देणगीच्या नोंदीत आपली नोकरी तिथे असल्याचे लिहिले होते. दूतावासाच्या आवरणाखाली काम करणारा अधिकारी पकडला गेला तर राजनैतिक संरक्षणामुळे बहुधा देशाबाहेर काढला जातो. खासगी कंपनीच्या आवरणाखालच्याला ते संरक्षण नसते. आणि त्या कंपनीचे कार्ड हातात घेऊन ज्या ज्या परदेशी माणसाने कधी चहा घेतला असेल, त्याच्या देशातील सुरक्षा यंत्रणेला जुन्या नोंदी चाळायला एक धागा मिळतो. त्या माणसांना वॉशिंग्टनमधल्या भांडणाची कल्पना नव्हती आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. ‘त्या तर कचेरीत बसून काम करत होत्या’ असे मला आजही ऐकवले जाते. २००७ मध्ये विशेष अभियोक्ता पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांनी न्यायालयात दिलेल्या सारांशानुसार, प्लेम यांनी कचेरीत असतानाच्या त्या काळात निदान सात वेळा परदेश प्रवास केला, दहाहून अधिक देशांत, आणि प्रत्येक वेळी आवरणाखाली.

तुमच्या बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे मीच मांडते. नोव्हाक यांना ही माहिती प्रथम देणारे परराष्ट्र उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज होते. २००६ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे कबूल केले आणि ते सूडाने नव्हे, गप्पांच्या ओघात निघून गेले असे सांगितले. उपाध्यक्षांचे प्रमुख सहायक लुईस लिबी आणि अध्यक्षांचे सल्लागार कार्ल रोव्ह हेही पत्रकारांशी त्याच विषयावर बोलले होते, पण सगळा ठरवून रचलेला बेत होता हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. शिवाय ‘प्लेम’ हे नाव आपण विल्सन यांच्या छापील परिचयातूनच घेतले, असे नोव्हाक म्हणत. म्हणजे ‘यांची पत्नी सीआयएत आहे’ एवढे बोलणेच पुरेसे होते. हे मला मान्य आहे. पण त्यामुळे माझी काळजी वाढते, कमी होत नाही. शत्रूला विकलेल्या माहितीसाठी कायदा आहे, कट करणाऱ्यासाठी कायदा आहे. सत्तेच्या वर्तुळात वाद जिंकण्याच्या नादात सहज उच्चारलेल्या वाक्यासाठी जवळजवळ काहीच नाही.

गुप्त अधिकाऱ्यांची ओळख फोडणे गुन्हा ठरवणारा १९८२ चा ओळख-संरक्षण कायदा ज्या घटनेतून पुढे रेटला गेला, ती म्हणजे सीआयएचे अथेन्समधील केंद्रप्रमुख रिचर्ड वेल्श यांची डिसेंबर १९७५ मधली हत्या. त्यांचे नाव आधी एका नियतकालिकात आणि मग अथेन्सच्या वृत्तपत्रात आले होते. त्या प्रसिद्धीमुळेच मारेकरी त्यांच्यापर्यंत पोहोचले का, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांच्या आधीच्या प्रमुखांचेही निवासस्थान तेच घर होते आणि ते शहरात अनेकांना ठाऊक होते. त्या काळच्या माझ्या वयाच्या तरुणांप्रमाणे मीही पुढे बरीच वर्षे म्हणत असे की, हा कायदा म्हणजे मृत माणसाच्या आडून पत्रकारांवर धरलेला बडगा आहे. माझ्यातल्या त्या तरुण मुलीशी मी अजून भांडते आणि ती अजून पूर्ण हरलेली नाही. कायदा लिहिला गेला तो प्रामुख्याने बाहेरून नावांच्या याद्या छापणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून, आणि २००३ मध्ये नाव आले ते सरकारच्या आतून. प्लेम प्रकरणात त्या कायद्याखाली कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. लिबी दोषी ठरले ते खोटी साक्ष, खोटी विधाने आणि न्यायात अडथळा यांबद्दल. त्यांची तीस महिन्यांची कैद अध्यक्ष बुश यांनी माफ केली आणि २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी पूर्ण क्षमा दिली.

त्याच प्रकरणात पत्रकार जूडिथ मिलर आपला स्रोत सांगायला नकार दिल्यामुळे ८५ दिवस तुरुंगात होत्या. त्यांच्या कैदेच्या निषेधपत्रावर मी सही केली होती आणि आजही करीन. त्या ज्याचे नाव झाकत होत्या तो सत्तेतला माणूस होता, हे माहीत असूनही करीन. यात विरोध दिसत असेल तर दिसू द्या. स्रोताला दिलेला शब्द पत्रकाराने मोडू नये आणि सत्तेतल्या माणसाने दुसऱ्याची ओळख हत्यार म्हणून वापरू नये, ही दोन्ही विधाने मला खरी वाटतात.

हे एकाच पक्षाचे पाप नाही. मे २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामा अफगाणिस्तानात गेले असताना काबूलच्या केंद्रप्रमुखाचे नाव व्हाइट हाउसनेच पत्रकारांना पाठवलेल्या यादीत गेले. त्यात निव्वळ बेफिकिरी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी ३७ जणांचे सुरक्षा परवाने रद्द केल्याची यादी जाहीर केली, तेव्हा त्यात आवरणाखाली काम केलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव असल्याचे वृत्त आले. तिथे यादी जाहीर करणे हीच राजकीय कृती होती.

आणि जिथे माझे उत्तर मलाच पुरत नाही ते प्रकरण जॉन किरियाकू यांचे. वॉटरबोर्डिंगबद्दल, म्हणजे तोंडावर पाणी ओतून कैद्याला बुडत असल्याचा अनुभव देणाऱ्या छळाबद्दल, २००७ मध्ये उघडपणे बोलणारे हे सीआयएचे माजी अधिकारी. एका सहकाऱ्याचे नाव पत्रकाराला दिल्याचा गुन्हा त्यांनी २०१२ मध्ये याच कायद्याखाली कबूल केला आणि त्यांना तीस महिन्यांची कैद झाली. त्या पत्रकाराने ते नाव छापले नव्हते. माझ्या कसोटीवर किरियाकू चुकले, कारण छळाची गोष्ट त्या नावाशिवाय सांगता येत होती. पण शिक्षा लिबींना झाली होती तेवढीच, तीस महिन्यांची, आणि ती प्रत्यक्ष भोगायला किरियाकूच तुरुंगात गेले. २०१९ च्या दुरुस्तीने तर संरक्षण मिळण्यासाठी असलेली ‘गेल्या पाच वर्षांत परदेशात सेवा’ ही अट काढून कायद्याची कक्षा आणखी वाढवली. अधिक अधिकाऱ्यांना संरक्षण मिळाले म्हणून मी त्या दुरुस्तीच्या बाजूने आहे. तिचा पहिला फटका पुन्हा सत्तेबाहेरच्या माणसालाच बसेल अशी भीती वाटते म्हणून विरोधातही आहे. पुढच्या वेळी मला विचाराल, तेव्हा या दोन्हींपैकी एक बाजू निवडायला मात्र सांगू नका.