मॉनिटर रूममधली सेमीफायनल

२७ मार्च २०२२, रविवार. रात्रीची भांडी घासत होते, तेवढ्यात सहकारिणीचा फोन आला. 'हॅलो'सुद्धा नाही. "येत्या शनिवारची माझी नाइट तू कर. तुझा रविवारचा दिवस मी करते, वर काय हवं ते माग. ख्रिसमस, तुझी ती दिवाळी, काहीही." मागे तिच्या घरात कुणीतरी पातेलं बडवत होतं. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने नुकतंच सेंट पीटर्सला ६९–४९ असं हरवलं होतं. शेजारच्या ड्यूक विद्यापीठाने आदल्याच दिवशी आपली मॅच जिंकली होती. म्हणजे शनिवारी, २ एप्रिलला, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सेमीफायनल ड्यूक विरुद्ध कॅरोलायना. मी दिवाळी मागून घेतली आणि उरलेली भांडी घासली. सौदा फायद्याचा वाटला होता.

मी कार्डियाक मॉनिटर टेक्निशियन आहे. हृदयाच्या वॉर्डातल्या पेशंटच्या छातीवर पाच इलेक्ट्रोड लावलेले असतात, खिशात मोबाइलएवढा ट्रान्समीटर असतो, आणि त्याचं हृदय कसं चाललंय ते खालच्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसून मी बघते. रेघेत काही बिघडलं की मजल्यावरच्या नर्सला फोन करायचा, पट्टी छापायची, नोंद करायची. खोलीत टीव्ही नाही, मोबाइल लॉकरमध्ये. पेशंट माझ्या लेखी खोलीचा नंबर आणि एक हिरवी रेघ. वर जाणं होतं ते बहुतेक वेळा हरवलेला ट्रान्समीटर शोधायला. तो हमखास धुण्याच्या गाठोड्यात सापडतो.

आमचं हॉस्पिटल अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अशा पट्ट्यात आहे की डरहॅम आणि चॅपल हिल, दोन्ही गावांतले पेशंट येतात. ड्यूकचं कॅम्पस डरहॅमला, कॅरोलायनाचं चॅपल हिलला, मध्ये जेमतेम सोळा किलोमीटर. दोघांचाही रंग निळा. ड्यूकचा गडद, कॅरोलायनाचा आकाशी. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी आकाशी स्वेटर घालून ड्यूकवाल्या शेजाऱ्यांकडे जेवायला गेले होते. जेवण मिळालं, पण आमटीत मीठ कमी असावं तसं काहीतरी कमी होतं.

मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे हे प्रकरण मला समजावून सांगावं लागलं नाही. पाटाकडील आणि खंडोबा तालमीची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर काय वातावरण असतं ते लहानपणी पाहिलंय. सख्खे मावसभाऊ चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. वैर लांबच्याशी करण्यात मजा नसते. रोज ज्याच्या तोंडाला तोंड द्यायचं, त्याच्याशीच ते रंगतं.

हे दोन संघ १९२० पासून एकमेकांशी खेळतायत, अडीचशेहून जास्त वेळा भिडलेत. पण एनसीएए स्पर्धेत, म्हणजे ज्या स्पर्धेवर देशाचा विजेता ठरतो तिथे, त्यांची गाठ कधीच पडली नव्हती. पडली ती थेट सेमीफायनलला, आणि तीही ड्यूकचे कोच माइक शशेफ्स्की यांच्या शेवटच्या हंगामात. आडनाव अवघड म्हणून त्यांना सगळे 'कोच के' म्हणतात. ड्यूकमध्ये ४२ हंगाम, पाच विजेतेपदं. बरोबर चार आठवड्यांपूर्वी, ५ मार्चला, घरच्या मैदानावरची त्यांची शेवटची मॅच बघायला ९६ जुने खेळाडू जमले होते, आणि पाहुण्या कॅरोलायनाने ९४–८१ असं हरवून निरोप समारंभावर पाणी ओतलं होतं. आता शनिवारी हरले तर कोचची अख्खी कारकीर्दच शेजाऱ्याच्या हातून संपणार. जिंकले तर कॅरोलायनावाल्यांना पुढची पन्नास वर्षं ते ऐकून घ्यावं लागणार. फायनलबद्दल त्या आठवड्यात कुणी एक शब्द काढला नाही.

वॉर्डात तर विचारूच नका. अँजिओप्लास्टी झालेले एक गृहस्थ बुधवारपासून डॉक्टरांच्या मागे लागले होते की शनिवारी सकाळी घरी सोडा. डॉक्टरांनी नाही म्हटलं, तर त्यांनी घरून गडद निळी टोपी मागवून घेतली. पलीकडच्या खोलीतल्या आजोबांनी सर्वांना ऐकवलं होतं की सुपरडोममध्ये कॅरोलायना १९८२ मध्ये जिंकलं, १९९३ मध्येही जिंकलं, तेव्हा जागा आपलीच आहे. नर्सेसनी आपसांत ठरवून पेशंट बदलून घेतले. एका कॅरोलायनावाल्या नर्सने मात्र मुद्दाम टोपीवाले मागून घेतले. हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी राउंडला म्युनिकचा तो अभ्यास काढला. २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी तिथे हृदयाच्या तातडीच्या केसेस अडीच पटींहून जास्त झाल्या होत्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅच किती वाजता आहे?" त्या स्वतः ड्यूकच्या.

मॅच पावणेनऊनंतर होती. मी सातला बसले. ३८ रेघा. आठपर्यंत नेहमीची रात्र होती. त्यानंतर एकेक आकडा चढायला लागला. ७२ चे ८०, ८० चे ८८. कुणी चालत नव्हतं, कुणाला ताप नव्हता. सगळे अंथरुणात पडून वाट बघत होते. खेळापेक्षा वाट बघण्याचे ठोके जास्त असतात की काय कोण जाणे. निदान माझ्या पडद्यावर पहिल्या वीस मिनिटांच्या खेळात आकडे थोडे खाली आले होते.

मधूनच एक गंमत लक्षात आली. १४ नंबरचं हृदय बाकीच्यांच्या जरा आधी उडी मारत होतं. दर वेळी. नर्सला विचारलं तर म्हणाली, तेच ते आजोबा. टीव्हीचा आवाज बंद करून कॅरोलायनाची रेडिओ कॉमेंट्री ऐकतायत. इथल्या जुन्या लोकांची ही सवयच आहे. रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे असतो. आजोबा ९६ वर गेले की मी मनात मोजायची, आणि पाठोपाठ तीन-चार खोल्या वर जायच्या. मला स्कोअर माहीत नव्हता, पण आता काहीतरी होणार हे ड्यूकवाल्यांच्या आधी कळत होतं.

टोपीवाले मात्र ६२ वर होते. ढिम्म. त्यांना मेटोप्रोलॉल चालू होतं, ते औषध ठोक्यांना लगाम घालतं. नर्सने फोनवर सांगितलं की ते पलंगाची कड धरून बसलेत, ओठ पांढरे पडलेत, बीपी मात्र ठीक आहे. पडद्यावरून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस बागेत बसलाय.

अकराच्या सुमारास सगळं एकदम सुटलं. कुणाचे इलेक्ट्रोड निघाले, कुणी पलंगावरून उतरलं, कुणी टाळ्या पिटायला लागलं. टाळ्यांनी किंवा दात घासल्यानेसुद्धा रेघ अशी थरथरते की मशीन तिला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया समजतं, म्हणजे जीवघेणी लय, आणि लाल अलार्म वाजवतं. अशा वेळी दुसरी लीड, म्हणजे त्याच हृदयाची दुसऱ्या कोनातून घेतलेली रेघ बघायची. थरथरीच्या आतून नेहमीचे ठोके आपल्या अंतराने चालत असतात, ते शोधायचे. एका मिनिटात तीन लाल अलार्म. तिन्ही टाळ्या. शेवटी शेवटी काय झालं ते मी रेकॉर्डिंगमध्ये नंतर पाहिलं. ४७ सेकंद उरलेले, ड्यूक एका गुणाने मागे, मार्क विल्यम्सचे दोन्ही फ्री थ्रो चुकले. २५ सेकंद उरले असताना केलेब लव्हने लांबून तीन गुणांचा बास्केट टाकला. ८१–७७, कॅरोलायना.

त्याच गदारोळात २२ नंबर १५८ वर होता. पिवळा अलार्म. मी बघितला आणि सोडला. मनात म्हटलं, अजून एक कॅरोलायनावाले. तीसेक सेकंद तरी गेले असतील. मग नजर परत तिकडे गेली, कारण बाकीचे आकडे खाली यायला लागले होते आणि हा येत नव्हता. नीट पाहिलं तर ठोक्यांमधलं अंतर कुठलंच कुठल्याशी जुळत नव्हतं, प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा, पी वेव्ह, गायब. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरणं. त्या नर्सने फोन उचलला नाही, ती कुणालातरी परत पलंगावर बसवत होती. चार्ज नर्सला, म्हणजे पाळीच्या प्रमुख नर्सला लावला. ती धावली.

२२ नंबरमध्ये एक आजी होत्या. साडेआठला दिवा मालवून झोपलेल्या. बास्केटबॉलशी काडीचा संबंध नाही. नर्स आत गेली तेव्हा त्या छातीवर हात ठेवून विचारत होत्या, "एवढी आरडाओरड कसली, आग लागलीय का?" ठोके मंदावणाऱ्या डिल्टियाझेमची ड्रिप लावली, पहाटे चारच्या सुमारास लय जागेवर आली. नोंदीत मी वेळ खरी तीच लिहिली, अलार्मची आणि फोनची, दोन्ही. मधल्या अंतराबद्दल कुणी विचारलं नाही. मला ते अंतर अजून आठवतं. रात्रभर ज्यांच्यावर डोळा ठेवून होते, त्यांतल्या एकालाही काही झालं नाही.

मध्यरात्रीनंतर सगळे आकडे उतरले. टोपीवाल्यांनी नर्सकडे आपल्या रेघेची शेवटच्या मिनिटाची पट्टी मागितली, म्हणे घरच्यांना पटणार नाही की मी शांत होतो. ६२, सरळ, सुंदर. देता येत नाही असं सांगावं लागलं.

सकाळी सातला सहकारीण आली. चेहऱ्यावर आकाशी रंगाचे ओघळ, केसांना धुराचा वास. जिंकल्यावर चॅपल हिलमध्ये सगळं गाव फ्रँकलिन स्ट्रीटवर उतरतं आणि रस्त्यात होळ्या पेटतात, तिथे ती पहाटेपर्यंत होती. मी रिपोर्ट द्यायला लागले. तिने हाताने थांबवलं, तोंड उघडलं, आणि आतून फक्त हवा आली. घसा पार बसलेला.

आमचं कामच फोनवर बोलण्याचं. मुकी टेक्निशियन काय करणार? तिने कागदावर लिहिलं, 'सॉरी. दिवाळी आणि पाडवा.' वरून दुसरं कुणी मिळेपर्यंत पावणेनऊ वाजले. तोवर आम्ही दोघी शेजारी बसलो. ती रेघा बघून बोट दाखवायची, मी फोन करायचे.