निळ्या दाण्याचा हिशेब

आमच्या प्लास्टिक क्रेटच्या कारखान्यात ग्राहकाचा ऑडिटर आला, थेट गोदामात गेला, थप्पीतून एक निळा क्रेट काढला आणि म्हणाला, "ह्यात काय काय आहे, ते कागदांवरून दाखवा. संध्याकाळपर्यंत." ह्याला मॉक ट्रेस म्हणतात. क्यूआर कोड छापला की झालं, असं बाहेर अनेकांना वाटतं. कोड हे नुसतं दार आहे. आत ठेवायची माहिती आधी कारखान्यात कुणीतरी लिहून ठेवलेली असावी लागते.

युरोपीय संघाचा २०२४/१७८१ हा नियम १८ जुलै २०२४ला अमलात आला, तेव्हापासून डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट, म्हणजे कोड स्कॅन केल्यावर उघडणारी त्या वस्तूची माहिती, ह्या विषयाशिवाय आमची एक बैठक होत नाही. बॅटऱ्यांची तारीख वेगळ्या नियमाने ठरली आहे, १८ फेब्रुवारी २०२७. इतर वस्तूंचे तपशील टप्प्याटप्प्याने येतील. पासपोर्ट मॉडेलचा असेल, बॅचचा की एकेका नगाचा, तेही तेव्हाच ठरेल. ग्राहक तोवर थांबणार नव्हता. त्याने बॅचनिहाय माहिती मागितली, आणि त्यात त्याचं काहीच चूक नाही.

क्रेटच्या तळाशी साच्यातला तारखेचा शिक्का असतो. त्यावरून महिना मिळाला, पॅलेटच्या लेबलवरून मशीन आणि शिफ्ट. तिथून ब्लेंडर. आमचा ब्लेंडर प्रत्येक घाण्याला प्लास्टिकचा नवा दाणा, पीसीआर म्हणजे लोकांनी वापरून टाकलेल्या प्लास्टिकचा दाणा, आणि रिग्राइंड, म्हणजे आमचाच दळलेला नापास माल, वेगवेगळं तोलतो आणि आकडे साठवतो. ही नोंद मी हट्टाने सुरू करून घेतली होती, आणि ती मिनिटभरात समोर आली ह्याचा मला अभिमान आहे.

सायलोपाशी, म्हणजे दाणा साठवायच्या उंच टाकीपाशी, वेग मंदावला. वरून नवा लॉट भरत असताना खालून जुना निघत असतो. त्यात दाणा मधल्या भागातून आधी सरकतो आणि भिंतीलगतचा मागे राहतो. म्हणजे आधी आलेला आधी बाहेर पडेल ह्याची खात्री नाही. एकाच लॉटचं नाव सांगणं खोटं ठरलं असतं. मी संभाव्य तीन लॉट लिहून दिले, ऑडिटरला ते पटलं.

खरा प्रश्न रिग्राइंडचा निघाला. नापास क्रेट दळून १० टक्के परत वापरायचे, असं आमचं सूत्र. उरलेल्या ९० टक्के ताज्या मिश्रणात पीसीआर ३० टक्के, म्हणजे एकूणातले २७. दळलेला माल क्रेटचाच असेल तर त्यातून आणखी ३ येतात आणि कागदावरचे ३० जुळतात. पण ग्राइंडरवरच्या ऑपरेटरने विचारल्याबरोबर सरळ सांगितलं, "मॅडम, रात्रपाळीला क्रेटचं स्क्रॅप कमी पडतं, तेव्हा झाकणांचं घालतो. रंग तोच आहे." झाकणं पूर्ण नव्या दाण्याची. मग आकडा २७च राहतो. तयार क्रेटमध्ये पीसीआर किती हे खात्रीने सांगणारी चाचणी प्रयोगशाळेत नाही. जे आहे ते नोंदीत. आणि ट्रेसेबिलिटीचं, म्हणजे मालाचा माग ठेवायचं, जे महागडं सॉफ्टवेअर आम्हाला विकलं गेलं, त्यात रिग्राइंडचा स्रोत लिहायला रकानाच नव्हता. ते बसवणाऱ्यांपैकी कुणी ग्राइंडरपर्यंत चालत आलं नव्हतं. ऑपरेटरला सगळं माहीत होतं, त्याला कधी कुणी विचारलं नाही.

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "शेवटी सगळं एकच प्लास्टिक, एचडीपीईच ना? आणि पॅकेजिंगच्या नियमात कारखान्याची वर्षाची सरासरी धरतात." हे खरं आहे. २०२५/४० ह्या नियमात रिसायकल केलेल्या प्लास्टिकचं प्रमाण प्रत्येक कारखान्याच्या वार्षिक सरासरीने मोजायचं आहे. पण आपण ग्राहकाला सरासरी सांगितलेली नाही, ह्या बॅचमध्ये ३० आहेत असं सांगितलं आहे. शिवाय स्वतःच्याच प्रक्रियेतलं स्क्रॅप त्याच प्रक्रियेत परत घातलं तर पर्यावरणविषयक दाव्यांचं आयएसओ १४०२१ हे मानक ते रिसायकल केलेलं धरत नाही. म्हणजे ते ३ टक्के मोजायचे तरी फक्त त्या दळलेल्या मालात मुळात पीसीआर होतं म्हणून, आणि तेच तर आम्हाला दाखवता येत नव्हतं.

मी त्या बॅचवर २७ लिहिले. सेल्सवाल्यांनी विचारलं, "त्या रात्री क्रेटचंच स्क्रॅप असेल तर?" असेलही. पण ज्याचा पुरावा नाही ते मोजायचं नाही, ह्यावर मी ठाम राहिले. ऑडिटरने सही केली.

आता ग्राइंडरशेजारी काटा आणि लेबल प्रिंटर आहे, आणि झाकणांच्या गोण्या वेगळ्या राहतात. मला छळतं ते मागचं. आधी गेलेल्या बॅचेस ग्राहकाच्या फायलीत ३० म्हणूनच बसल्या आहेत. व्यवस्थापन म्हणतं, नियम पुढे लागू होणार आहे, मागचं उकरू नका. पण ग्राहक उद्या तेच आकडे स्वतःच्या पासपोर्टमध्ये भरेल, आणि त्यांच्याखाली आमचं नाव असेल. मी ब्लेंडरच्या जुन्या नोंदी काढून ज्या ज्या बॅचमध्ये रिग्राइंड पडलं त्यांची यादी करते आहे. ती पूर्ण झाली की दुरुस्तीचं पत्र कुणाच्या सहीने जाणार, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.