पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलायचाय? आधी पार्ट काउंटर पार करा : माझा अनुभव

पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या आत साचणारा गॅस बाहेर काढणाऱ्या वाटेवरची छोटी झडप. वस्तू अंगठ्याएवढी, काम अर्ध्या तासाच्या आतलं. पण ती वस्तू हातात पडेपर्यंत जे फोन करावे लागले, जे हेलपाटे घातले आणि जी उत्तरं ऐकून घ्यावी लागली, त्याचा राग अजून गेलेला नाही. जुनी पेट्रोल गाडी शहरातल्या शहरात चालवत असाल, तर हे तुमच्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी हॅचबॅक दहा वर्षं उलटून गेलेली. कोथरूडमधलं घर ते शाळा आणि परत, एवढाच तिचा रोजचा प्रवास. इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी बंद होते. गेल्या थंडीत ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळट साय जमलेली आणि काठाला काळा, चिकट मळ. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल पाझरत होतं, एअर फिल्टरच्या डब्यातही ऑइलचे डाग होते. नुसती साय असती तर थंडी आणि छोट्या फेऱ्या म्हणून सोडून दिलं असतं. तिन्ही गोष्टी एकदम दिसल्या की पहिला संशय पीसीव्ही व्हॉल्व्हवर घ्यायचा.

का, ते थोडक्यात सांगते. पेट्रोल जळताना थोडा गॅस पिस्टन रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं तिथे, उतरतोच. कोऱ्या गाडीतही उतरतो. त्यात पाण्याची वाफ, न जळालेलं पेट्रोल आणि आम्लं असतात. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो ऑइलमध्ये मुरतो आणि ऑइलचा गाळ होतो. पूर्वी गाडीखाली नळी काढून हा गॅस सरळ रस्त्यावर सोडून देत. धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून तो परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, ओढून जाळायची सोय आली आणि पुढे ती सगळीकडे पसरली. त्या वाटेवरचा पहारेकरी म्हणजे हा व्हॉल्व्ह. आत एक स्प्रिंग आणि एक सरकणारी पिन. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, इनटेकचा ओढा जोरात असतो तेव्हा वाट अरुंद करायची, गाडी पळायला लागली की मोकळी करायची, बॅकफायर झाला, म्हणजे ज्वाळा उलटी इनटेकमध्ये आली, तर बंद करायची. पिन बंद अवस्थेत अडकली की आत दाब वाढतो आणि ऑइल पॅकिंग नि सीलमधून बाहेर यायला लागतं. उघडी अडकली तर आयडलिंग बिघडतं, गाडी ऑइल प्यायला लागते.

हे सगळं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सांगितलं. त्याचं उत्तर, "मॅडम, तो पार्ट आमच्या शेड्युलमध्ये नाही, आम्ही तो चेक करत नाही." मग त्याने गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. आतून धुराचे झोत आले आणि निदान झालंसुद्धा. "बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा गेल्यात. सध्या इंजिन फ्लश करू, पॅकिंग बदलू, पण पुढे इंजिन खोलावं लागणार."

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलंत का, असं विचारलं. म्हणे गरज नाही, अनुभवाने कळतं. एस्टिमेट पाच आकडी.

इथे नीट लक्ष द्या, कारण याच जागी लोकांचे हजारो रुपये जातात. रिंगा झिजल्या तरी झाकणातून असे झोत येतात आणि व्हॉल्व्ह तुंबला तरी येतात. नुसतं झाकण उघडून दोन्हींतला फरक कळत नाही. कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडर तपासायचा. मी शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजात तपासून घेतलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आणि चांगले आले. तिथला मेकॅनिक म्हणाला, "ताई, इंजिनाला हात लावू देऊ नका. आधी व्हॉल्व्ह आणा, मग बघू." त्या माणसाने गेज लावायचे पैसेही घेतले नाहीत.

व्हॉल्व्ह ओरिजिनलच हवा होता, म्हणून पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर गेले. सगळं अडलं ते तिथे.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, हा व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही, पूर्ण टॅपेट कव्हर घ्यावं लागेल. काही इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह खरंच कव्हरच्या आत बसवलेला असतो आणि मग कव्हरच बदलावं लागतं. पण माझ्या गाडीत तो बाहेर, रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसणाऱ्या कडीत) उभा दिसतो, वर होज पाइप आणि क्लिप. मी फोटो दाखवला. त्याने फोटोकडे न बघता "सिस्टिममध्ये नाही" हे वाक्य परत म्हटलं. चेसिस नंबर टाकून बघा म्हटलं, तर आरसी बुक लागेल. आरसी गाडीत होती, आणून दिली. तोवर त्याची जेवणाची सुट्टी झाली.

सुट्टीनंतर दुसरा माणूस बसला. त्याने नंबर टाकला, मी स्क्रीन माझ्याकडे वळवायला लावली. इंजिनाचं सुटं सुटं केलेलं चित्र होतं, प्रत्येक तुकड्यापुढे आकडा. कव्हरच्या डोक्यावर तो व्हॉल्व्ह स्वच्छ काढलेला, स्वतःचा पार्ट नंबर घेऊन. मी बोट ठेवलं तेव्हा त्याने मान हलवली. "स्टॉकमध्ये नाही, ऑर्डर टाकतो, अ‍ॅडव्हान्स भरा."

त्यानंतर फोन. कधी "डिस्पॅच झालाय", कधी "वेअरहाऊसमधून निघालाय", कधी ज्याच्याशी बोलायचं तो रजेवर. शेवटी पार्ट आल्याचा मेसेज आला म्हणून हाफ डे टाकून गेले. प्लॅस्टिकच्या पुडीतून निघालं एक रबरी ग्रोमेट. चित्रातल्या शेजारच्या आकड्याची ऑर्डर टाकली होती. माफी वगैरे काही नाही. "मॅडम, परत ऑर्डर करावं लागेल."

त्या दिवशी मला खरोखर संताप आला. पाच आकडी एस्टिमेट पाच मिनिटांत छापून देणाऱ्या जागेला काही शे रुपयांचा पार्ट बरोबर मागवता येत नाही, आणि चूक झाली की खेटे आपणच घालायचे. मी ग्रोमेट घेतलं, ते लागणारच होतं. उरलेले पैसे परत मागितले आणि तशीच नाना पेठेत, पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, गेले.

नाना पेठेत पार्ट नंबर सांगितल्यावर दुकानदाराने वर चढून डबा काढला. ओरिजिनल, सील असलेला. त्याच्याकडे निम्म्या किमतीचाही एक होता, दिसायला तसाच. तो घेऊ नका. आतली स्प्रिंग आणि भोक त्या त्या इंजिनाच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. बाहेरून फिट बसला तरी आतून हवा कमीजास्त जाऊ शकते. पार्ट नंबर कागदावर लिहून न्या, "अमुक गाडीचा द्या" एवढ्यावर थांबू नका.

बसवला मी स्वतः, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि याचा मला अभिमान आहे. इंजिन पूर्ण गार. क्लिप सरकवून होज हळूच पिळत काढला. जुने होज कडक झालेले असतात, ओढले की चिरतात. माझा चिरला नाही, पण टोकाला बारीक भेगा दिसल्या म्हणून नंतर तोही बदलला. जुनं ग्रोमेट दगडासारखं झालं होतं. ते काढताना तुकडे आत पडू नयेत म्हणून भोवती कापड धरलं. जुना व्हॉल्व्ह कानाशी हलवला, आवाज नाही. नवा हलवला तर आत टक टक. कार्ब क्लीनर मारून जुना मोकळा होतो कधीकधी, पण इतक्या स्वस्त वस्तूसाठी ती खटपट करू नये. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह आट्यांचा असतो, तिथे जोर लावून आवळू नका, प्लॅस्टिक तडकतं.

मग गाडी चालू करून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर वहीचा कागद ठेवला. कागद हलकेच आत ओढला गेला. झोत गेले होते. रिंगा बऱ्या होत्याच.

इंजिन फ्लश, म्हणजे ऑइलमध्ये क्लीनर घालून इंजिन आतून धुणं, मी केला नाही आणि गाळ जास्त असेल तर तुम्हीही करू नका. सुटलेले खपले ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर पंपाला ऑइल मिळत नाही आणि मग इंजिन खरंच जातं. त्यापेक्षा व्हॉल्व्हबरोबर ऑइल आणि फिल्टर बदला, पुढचे एकदोन ऑइल चेंज लवकर करा. गाळ हळूहळू ऑइलबरोबर निघतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र बदलावं लागलं, ते गल्लीतल्या मेकॅनिकनेच केलं. आता रविवारी गाडी हायवेला लांबवर नेते, ऑइल नीट तापलं की त्यातलं पाणी उडून जातं.

डिझेलवाल्यांनी हे जसंच्या तसं लावू नये, बऱ्याच डिझेल इंजिनांत अशा व्हॉल्व्हऐवजी पडद्याची वेगळी रचना असते. आणि अ‍ॅडव्हान्स भरलात तर पावतीवर पार्ट नंबर लिहून घ्या. माझ्या पावतीवर तो होता, म्हणूनच ऑर्डर चुकीची टाकली हे त्यांना नाकारता आलं नाही आणि पैसे परत मिळाले.