माझ्या पॅनवर दुसऱ्याचा व्यवसाय: बनावट जीएसटी नोंदणी रद्द करून घेण्याचा माझा अनुभव

वह्या, नोंदवह्या आणि शालेय साहित्याचे माझे छोटे दुकान आहे. त्याची जीएसटी नोंदणी मी रीतसर घेतलेली आहे, विवरणपत्रे वेळच्या वेळी भरली जातात आणि कराची बाकी कधी राहिलेली नाही. २०२२-२३ या आर्थिक वर्षाच्या प्राप्तिकर विवरणपत्राची तयारी सुरू असताना आमच्या सीए मॅडमनी माझे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडे आपल्या व्यवहारांची जी माहिती जमा असते ती दाखवणारे एआयएस, उघडले आणि जीएसटी उलाढालीच्या नोंदीवर त्या थांबल्या. तिथे दोन जीएसटी क्रमांक होते. एक माझ्या दुकानाचा होता. दुसऱ्यासमोर कोट्यवधी रुपयांची उलाढाल दाखवलेली होती.

जीएसटी क्रमांकाला १५ स्थाने असतात. पहिले दोन अंक राज्याचे, त्यापुढची दहा अक्षरे पॅनची. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकातही माझाच पॅन स्पष्ट वाचता येत होता, फक्त सुरुवातीला महाराष्ट्राचे २७ नव्हते. जीएसटी पोर्टलवर करदाता शोधण्याच्या सुविधेत पॅन टाकला की त्या पॅनवरच्या देशभरातील सगळ्या नोंदण्या दिसतात आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. आम्ही तो दुसरा क्रमांक तिथे उघडला. कायदेशीर नावाच्या जागी माझे पूर्ण नाव होते, त्याखाली मी कधीही न ऐकलेले व्यापारी नाव, ज्या राज्यात माझे कोणीही नाही तिथला पत्ता, नोंदणीची तारीख, आणि काही महिन्यांची विवरणपत्रे भरल्याच्या नोंदी. नोंदणीची स्थिती ‘सक्रिय’ होती.

अशी नोंदणी कोणी कशासाठी घेतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढची पावले कळत नाहीत, म्हणून ते थोडक्यात सांगते. एखाद्याने मालाची देवघेव न करताच १ लाख रुपयांचे बिल फाडले आणि त्यावर १८ टक्के दराने १८,००० रुपये कर दाखवला, तर बिल घेणारा तेवढी रक्कम इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून स्वतःच्या करातून वजा करतो. बिल देणाऱ्याने तो कर सरकारकडे भरलेलाच नसतो. काही महिने अशी बिले वाटली जातात, मग ती पेढी गायब होते आणि वसुलीचे कागद ज्याच्या पॅनवर नोंदणी आहे त्याच्या नावाने निघू लागतात. नोंदणीत दिलेला मोबाईल आणि ईमेल भामट्याचा असल्यामुळे जीएसटी खात्याच्या नोटिसाही मूळ माणसापर्यंत पोहोचत नाहीत. माझ्या बाबतीत एआयएस पाहिले नसते, तर हे सगळे मला कितीतरी उशिरा कळले असते.

त्या संध्याकाळी दोन सल्ले मिळाले, ते चांगल्या मनाने दिलेले होते, पण माझ्या मते दोन्ही घातक होते. एका परिचितांचे म्हणणे होते की आपणच नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करून मोकळे व्हावे. हा अर्ज, म्हणजे आरईजी-१६, नोंदणीधारकाने करायचा असतो. तो मी केला असता, तर ती नोंदणी माझीच होती असे मी लेखी मान्य केल्यासारखे झाले असते. दुसरा सल्ला होता की त्या खात्याचा पासवर्ड बदलून आत शिरावे आणि काय आहे ते पाहावे. त्यालाही सीए मॅडमनी ठाम नकार दिला, कारण त्या खात्यात माझ्या हातून एकही व्यवहार झाला नाही, हेच माझे सर्वांत मोठे बळ होते. नोंदणी माझी नाही, ती फसवणुकीने घेतलेली आहे आणि खात्याने ती स्वतःच्या अधिकारात रद्द करावी, ही एकच भूमिका प्रत्येक कागदावर सारख्याच शब्दांत मांडायची, असे आम्ही ठरवले.

सर्वांत आधी प्राप्तिकराची बाजू सांभाळली. एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीपुढे अभिप्राय देण्याची सोय असते. त्या उलाढालीपुढे आम्ही माहिती नाकारत असल्याचा पर्याय निवडला, त्याची पोच उतरवून घेतली आणि विवरणपत्र माझ्या खऱ्या उत्पन्नावरच भरले. जे उत्पन्न आपले नाही ते नोटीस टळावी म्हणून दाखवणे हा मार्ग कोणीही धरू नये, असे मला मनापासून वाटते.

मग जीएसटी पोर्टलवर पॅनचा गैरवापर झाल्याची तक्रार नोंदवली. पॅनने शोध घेतल्यावर आलेल्या यादीतून जी नोंदणी आपली नाही ती निवडून ही तक्रार करता येते आणि ती संबंधित कर अधिकाऱ्याकडे चौकशीसाठी जाते. तेवढ्यावर न थांबता त्या नोंदणीचा कारभार ज्या कार्यालयाकडे होता, त्या अधिकाऱ्यांच्या नावे मी नोंदणीकृत टपालाने सविस्तर पत्र पाठवले. सोबत पॅन, माझ्या दुकानाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, एआयएसची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडले. प्रतिज्ञापत्रात त्या पत्त्याशी, त्या व्यापारी नावाशी, त्या मोबाईल क्रमांकाशी आणि तिथल्या कोणत्याही बँक खात्याशी माझा संबंध नाही, हे एकेक करून लिहिले होते. ‘माझा संबंध नाही’ एवढे एकच वाक्य लिहिले असते तर ते पुरले नसते, हे नंतर अधिकाऱ्यांच्या प्रश्नांवरून कळले.

पोलीस तक्रार हा सर्वांत कंटाळवाणा टप्पा होता. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद केली आणि तिची प्रत घेऊन ठाण्यात गेले. “ताई, तुमचे पैसे तर गेले नाहीत ना?” असा प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा विचारला गेला. माझ्या खात्यातून एक रुपयाही गेलेला नव्हता, हे खरे होते. पण दुसऱ्याच्या ओळखीचा कपटाने वापर करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्जात कलमाचा उल्लेख करून मी तो आवक विभागात दिला आणि शिक्क्यानिशी पोच घेतली. पुढे प्रत्येक खात्याने सर्वांत आधी मागितला तो हाच शिक्क्याचा कागद.

हे सुरू असतानाच एका माणसाचा फोन आला. आपण प्राप्तिकर खात्यातून बोलत असल्याचे सांगून त्याने मला नावाने हाक मारली, त्या बनावट पेढीचे नावही अचूक सांगितले आणि काही रक्कम भरल्यास प्रकरण ‘वरच्या वर’ मिटेल असे सुचवले. पाठोपाठ ईमेलवर बोधचिन्ह, सही आणि दस्तऐवज ओळख क्रमांक असलेले पत्रही आले. घाबरलेल्या माणसाला ते पूर्ण खरे वाटावे असेच होते. १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर खात्याच्या पत्रव्यवहारावर असा क्रमांक, म्हणजे डीआयएन, असावा लागतो आणि तो खरा आहे की नाही हे ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येते. आम्ही तो तपासला. असे कोणतेही पत्र निघालेले नव्हते. कराचा भरणा अधिकृत पोर्टलवर चलनानेच होतो, कोणताही अधिकारी फोनवर खाते क्रमांक देऊन पैसे मागत नाही. मी त्या माणसाला कोणतीही माहिती दिली नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवले आणि तो ईमेल न पुसता जपून ठेवला. पेढीचे नाव आणि माझे नाव पोर्टलवर कोणालाही दिसते, त्यामुळे समोरच्याला तपशील माहीत आहेत म्हणजे तो खात्यातलाच असणार, असे मानायला काहीच आधार नसतो.

त्या वर्षी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात बनावट नोंदण्यांविरुद्ध देशभर विशेष मोहीम राबवली गेली होती, त्यामुळे हा प्रकार अधिकाऱ्यांना नवा नव्हता. तरीही पत्राला उत्तर लवकर आले नाही. स्मरणपत्रे पाठवली, तक्रार निवारण पोर्टलवर नोंद केली आणि नोंदणी अर्जासोबतच्या कागदांच्या प्रती माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागितल्या. या कायद्यात सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्या अर्जानंतर फाईल हलली, असा माझा अनुभव आहे.

मिळालेल्या प्रतींमध्ये पॅन माझा होता. छायाचित्र मात्र भलत्याच व्यक्तीचे होते. जागेचा पुरावा म्हणून जोडलेले वीजबिल तिसऱ्याच कोणाच्या नावाचे होते आणि भाडेकरारावर माझ्या नावापुढे जी सही होती, तिचा माझ्या सहीशी दुरूनही मेळ नव्हता. बँकेतली माझी नमुना सही आणि ती सही शेजारी शेजारी ठेवून एक पान तयार केले आणि तेच अधिकाऱ्यांसमोर मांडले. माझ्या लांबलचक पत्रांनी जे झाले नव्हते ते त्या एका पानाने झाले. प्रत्यक्ष पाहणीत त्या पत्त्यावर असा कोणताही व्यवसाय आढळला नाही. कारणे दाखवा नोटीस निघाली आणि नोंदणी रद्द झाली.

इथे एक बाब विशेष जपायला हवी. पहिल्या आदेशात नोंदणी रद्द झाल्याची तारीख पाहणीच्या सुमाराची होती. म्हणजे त्याआधीच्या महिन्यांत, ज्यांत सगळी बनावट बिले फाडली गेली होती, ती नोंदणी माझ्या नावे वैधच राहत होती. फसवणुकीने घेतलेली नोंदणी मागील तारखेपासूनही रद्द करण्याचा अधिकार केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २९ ने अधिकाऱ्याला दिलेला आहे. आदेशातच कागद बनावट असल्याचे नमूद होते, मग तारीख नंतरची कशी, असा मुद्दा मांडून आम्ही कलम १६१ खाली दुरुस्तीचा अर्ज केला. बाधित व्यक्तीने हा अर्ज आदेशापासून तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. दुरुस्त आदेशात नोंदणी पहिल्या दिवसापासून रद्द झाली. आदेश हाती आल्याच्या आनंदात तारखेचा रकाना वाचायचा राहून जातो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पुढे प्राप्तिकर खात्याचीही नोटीस आलीच, १९६१ च्या कायद्यातील कलम १४८अ खालची, त्याच उलाढालीबद्दल खुलासा मागणारी. यावेळी डीआयएन तपासला तेव्हा नोटीस खरी निघाली. उत्तरात एआयएसच्या अभिप्रायाची पोच, पोलीस तक्रार, प्रतिज्ञापत्र, सह्यांचे पान आणि दुरुस्त आदेश क्रमवार जोडले आणि मुदतीच्या आत पोर्टलवरच सादर केले. पुनर्निर्धारणाची, म्हणजे त्या वर्षाचे उत्पन्न पुन्हा तपासून कर ठरवण्याची, कारवाई सुरू करण्याजोगे हे प्रकरण नाही, असा आदेश आला.

माझ्या नावावर कर्ज तर काढलेले नाही ना, हेही याच काळात पाहून घेतले. पतमाहिती देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. सुदैवाने त्यात अनोळखी काही नव्हते. आधारची बायोमेट्रिक माहिती मी आता लॉक करून ठेवते आणि आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंकच दिसतील अशी प्रत देऊन जिथे काम भागते तिथे तीच देते. पॅनच्या प्रतीवर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहिते. दुकानाचे जीएसटी विवरणपत्र भरून झाले की त्याच बैठकीत पॅन टाकून नोंदण्यांची यादी पाहिली जाते. पोलीस तपास अजून पूर्ण झालेला नाही. ती नोंदणी घेणारा कोण होता, हे अद्याप निष्पन्न झालेले नाही, आणि जबाबासाठी पुन्हा बोलावले तर सगळे मूळ कागद त्याच क्रमाने फाईलमध्ये लावून ठेवलेले आहेत.