ओरिजिनल पार्ट कुठे हवाच, कुठे नसला तरी चालतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच: "गाडीचा पार्ट कंपनीचाच घ्यायचा की बाहेरचा चालेल?" मी आधी एवढंच बघतो, की हा पार्ट गेला तर एकटा जाईल की सोबत आणखी काही घेऊन जाईल.

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा, सोबत घेऊन जाणारा. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट तुटला किंवा काही दात सरकला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागतं. इथे ओरिजिनलच. पण नुसता बेल्ट घेऊन भागत नाही. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवाकोरा बेल्टही निसटतो. बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंप, सगळं एकदम बदला. उघडायची मजुरी तेवढीच पडते.

ऑइल फिल्टरकडे लोक फार हलक्यात बघतात, कारण बाहेरून सगळे डबे सारखेच. फरक आत असतो. तोंडाशी रबराची एक चकती असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरू न देणं हे तिचं काम. हलकं रबर गरम ऑइलमध्ये लवकर कडक होतं. सिलिकॉन बराच काळ मऊ राहतं. चकती कडक झाली आणि फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असला, की रात्रीत तो रिकामा होतो. मग सकाळी स्टार्ट करताना दाब तयार होईपर्यंत काही सेकंद खडखड ऐकू येते. दुसरा भाग बायपास व्हॉल्व्ह. फिल्टरमधला गाळणीचा कागद चोंदला तरी इंजिन ऑइलविना राहू नये, म्हणून तो ठरावीक दाबाला उघडतो. स्प्रिंग कमजोर असेल तर तो आधीच उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. याचा आवाज येत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. एवढ्याशा वस्तूत काटकसर करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

सेन्सरचंही तसंच. हवेचा प्रवाह मोजणारा नकली सेन्सर थोडं चुकीचं मोजतो, तेही दिवा न लावता. गाडी चालते, पण ॲव्हरेज घसरतं. स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर इंधनात कायम किती कमीजास्त करतोय तो आकडा, बघा; नव्या सेन्सरनंतर तो अधिक-उणे १० टक्क्यांच्या बाहेर जाऊन बसला, तर सेन्सरवर संशय घ्या.

एअरबॅग आणि सीटबेल्टचे भाग ओरिजिनल आणि नवेच. यात चर्चा नको.

ब्रेक पॅडबाबत मात्र मी हट्ट धरत नाही. पॅड, प्लग, क्लच असे कितीतरी पार्ट गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, एनजीके, वॅलिओ यांच्यासारखे पुरवठादार ते बनवतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. तुमच्या गाडीचा मूळ पुरवठादार कळला तर तोच पार्ट त्याच्या डब्यात घ्यायला हरकत नाही. फक्त पॅडमागचे शिम (आवाज थांबवणाऱ्या पातळ पट्ट्या) आणि क्लिपा सोबत आहेत का बघा. शिम नसले की पॅड किंचाळतात आणि दोष उगाच डिस्कवर येतो.

वायपर, केबिन फिल्टर, बल्ब, बॅटरी बाहेरची खुशाल घ्या. माप, वॅट आणि अँपिअर-अवर जुळले की झालं.

मागवताना मॉडेल आणि साल सांगून थांबू नका. एकाच सालात मधेच पार्ट बदललेला असतो. १७ अक्षरांचा चॅसी नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल तर तेही तिथेच कळतं. डबा ओरिजिनल दिसला म्हणून आतला मालही ओरिजिनल असेल असं नाही, म्हणून जुना पार्ट लगेच फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवा. वजन, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, कनेक्टरच्या पिना, रबराच्या कडा, साच्याची रेघ नीट बघा. चाकाच्या बेअरिंगला एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकीय कडी असेल तर ती कोणत्या बाजूला आहे ते दाबून बसवण्याआधीच खूण करून ठेवा. उलट बसलं तर एबीएसचा दिवा लागतो, आणि काढताना नवं बेअरिंग बहुतेक वेळा वाया जातं.