वाशी ते आर्टिस्ट व्हिलेज, पाम बीच टाळून

नवी मुंबईत वाशीच्या सागर विहारहून बेलापूरला सायकलने जायचं तर पाम बीच रोड सरळ नेऊन सोडतो. आम्ही दोघींनी मात्र सानपाड्यात मोराज सर्कलला तो सोडला. सकाळी रस्ता रिकामा असतो आणि रिकामा असतो म्हणूनच गाड्या सुसाट सुटतात. सायकलवाल्याच्या वाट्याला कड, बाकी रामभरोसे.

आतल्या रस्त्यांनी नेरूळ गाठायला वेळ जास्त लागतो, पण सावली मिळते आणि टपरीवर चहाही. 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. तिने शहर नोडमध्ये (वाशी, नेरूळ, बेलापूर हे असे नोड) आणि नोड सेक्टरमध्ये विभागले, ते शाळा, बाजार, बाग पायी गाठता यावी म्हणून. नेरूळात हे अजून जाणवतं: भाजीच्या पिशव्या घेऊन आजीआजोबा निवांत चाललेले असतात. (वाशीला लोकल पोचली ती 1992 मध्ये. तोवर लोकांनी गाड्या घेतल्या तर दोष कोणाचा?) गणित बिघडतं ते एका नोडमधून दुसऱ्यात जाताना. बेलापूरला रेल्वे आणि सायन-पनवेल महामार्ग दोन्ही ओलांडायचे आहेत. तिथे सायकलवरून उतरा, हातात धरून चालत जा, लाज वाटू देऊ नका.

बेलापूरच्या सेक्टर 8 मधलं आर्टिस्ट व्हिलेज, म्हणजे घरांची वसाहत, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात आखलं. सात घरांचा एक छोटा चौक, असे तीन चौक मिळून मधे एक मोठा. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे ज्याला त्याला घर वाढवता येतं. लोकांनी मजले चढवलेत, मूळची कौलारू घरं शोधावी लागतात. एका चौकात तुळस, वाळत घातलेल्या चादरी, एक स्कूटर. चादरींखालून वाकून एक मुलगी सायकल शिकत होती. पायरीवर तांदूळ निवडणारी आजी म्हणाली, "पडली तरी चौकातच पडेल."

हे लोकांचं राहतं घर आहे, प्रदर्शन नव्हे. फोटो विचारून काढा. सायकल नसेल तर हार्बर लोकलने बेलापूरला उतरून रिक्षा करा, बाकीचं पायी. सायकलने जाणाऱ्यांनी जादा ट्यूब, हवेचा पंप आणि मागचा लाल दिवा घ्यावाच. परतताना पाम बीचची हौस भागवायची असेल तर दुपारी नको. खाडीचा वारा तोंडावर येतो, पाय भरून येतात.